तळीवरचं शेवाळ

"काय पडला गो आते पाण्यात?" शेजारच्या घरातल्या पोराने विचारलं. बॅट खांद्यावर टाकून तो खेळायला निघाला होता आणि मी तळीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होते, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून. मे महिन्याचं ऊन, दुपारचे चार. पाणी खाली गेलेलं, चिऱ्याच्या पायऱ्यांवर गेल्या पावसाळ्याच्या काळ्या रेघा एकाखाली एक दिसत होत्या. पाण्यावर त्या बारीक हिरव्या पानांचं शेवाळ, साय धरावी तसं एकसंध. "काय नाय रे," मी म्हटलं. तो थोडा थांबला, पाण्याकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं आणि गेला. त्या पोराशी मी खोटं बोलले नव्हते, अजून काहीच पडलं नव्हतं. तरी ते "काय नाय रे" तेव्हापासून मनाला टोचतंय.

मुठीत एक कुडी होती. मोत्याची, जुन्या घडणीची. मध्ये एक आणि भोवती सहा मोती, त्यातला एक पिवळा पडलेला, मागची फिरकी गंजून घट्ट बसलेली. घराचे नळे उतरवून पत्रे घालायचे होते म्हणून माळा रिकामा करायला आम्ही भावंडं गावी जमलो होतो. माझ्या वाट्याला आमच्या आतेची ट्रंक आली. दोन पातळं, जपमाळ, सालं उलटून गेलेली पंचांगं, विड्याच्या पानांचा वास धरून राहिलेली एक रिकामी चंची आणि पावडरचा एक पत्र्याचा डबा. डबा टाकून देणार होते, तेवढ्यात आत खडखडलं. कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली ती कुडी बाहेर आली. मी कागद परत गुंडाळला आणि कुणालाही काही न सांगता, चप्पलसुद्धा न घालता तळीवर गेले. तापलेल्या कातळावरून चालत गेले, पाय भाजले ते रात्री कळलं.

तळीवरच का? समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. विहीर त्याहून जवळ. पण पाय तळीकडे वळले, कारण वयाच्या अकराव्या वर्षापासून माझ्या डोळ्यांपुढे एक तळं आहे. ते आमचं नाही, ते बंगालमधलं आहे.

'पथेर पांचाली' या बंगाली सिनेमाची गोष्ट नव्याने सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी तो पाहावा. फक्त शेवटाकडची ती दोन मिनिटं सांगते. अपूची थोरली बहीण दुर्गा गेलेली आहे. घर सोडून काशीला जायचं ठरलंय, सामान बांधणं चाललंय. छोटा अपू वरच्या फळीवरची करवंटी काढतो आणि तिच्यातून मण्यांची माळ निघते. शेजारणीच्या मुलीची माळ. हीच चोरल्याचा आळ दुर्गावर आला होता, आईने तिला केसांना धरून फरफटत घराबाहेर काढलं होतं आणि दुर्गाने शेवटपर्यंत कबूल केलं नव्हतं. अपू ती माळ घेऊन धावत तळ्याकाठी जातो आणि पाण्यात फेकतो. शेवाळाला भोक पडतं, आतलं काळं पाणी दिसतं. मग कडेची पानं सरकायला लागतात. हळूहळू, कुणी ढकलत नसताना. भोक लहान होत जातं आणि मिटतं.

अपू एक शब्द बोलत नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते १९८७ साली. आमचं गाव मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर. वाडीत एकच टीव्ही होता, काळा-पांढरा, आणि त्याची अँटेना बांबूला बांधून कौलांवर चढवलेली. खारा वारा सुटला की चित्र विस्कटायचं आणि कुणीतरी पोरगा वर चढून "आता इला? आता?" असं ओरडायचा. रविवारी दुपारी दूरदर्शनवर वेगवेगळ्या भाषांमधले पुरस्कार मिळालेले सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी अक्षरं. त्या दुपारी ओटीवर पंधरा-वीस माणसं होती. अर्ध्या तासात बहुतेक उठून गेली. "ह्येच्यात काय गाणी नाय, काय नाय," असं म्हणत गेली. राहिले आम्ही चार-पाच जण. मला बंगाली येत नव्हतं, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचेपर्यंत पुढची यायची. माझ्या शेजारी माझी आते बसली होती. तिला तर अक्षरओळखही जेमतेम. पण त्या घरात काय चाललंय ते आम्हा दोघींना कळत होतं. पडवीच्या कोपऱ्यात राहणारी, घासाघासाला बोल लावून घेणारी ती म्हातारी आतेला कळत होती. मला दुर्गा कळत होती. पेरू चोरणारी, चिंच खाणारी, भावाला घेऊन रानात हिंडणारी. पहिला पाऊस आला, तळ्याच्या पाण्यावर किडे नाचले, दुर्गा केस मोकळे सोडून भिजली, तेव्हा मला वाटलं हे आमच्याकडचंच चाललंय, फक्त माणसांची बोली वेगळी आहे.

माळ पाण्यात पडली, शेवाळ मिटलं, आणि आते उठली. सिनेमा अजून संपला नव्हता. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल गो, गुरांका पाणी दाखवूक व्हया." मी तिच्या पदराला धरून ओढत होते, शेवट बघायचा म्हणून. ती थांबली नाही.

पुढची अडतीस वर्षं मी तिचं ते उठून जाणं विसरून गेले होते. शेवाळ मात्र विसरले नाही.

लोक या सिनेमाचं नाव काढतात तेव्हा आगगाडीबद्दल बोलतात. पांढऱ्याशुभ्र काशगवताच्या फुलांतून धावणारी ती दोन पोरं आणि दूरवर धूर सोडत जाणारी गाडी. मला तो प्रसंगही फार प्रिय आहे आणि त्याच्यामागची हकीकतही. दिग्दर्शक सत्यजित राय यांनी चित्रीकरणाची सुरुवात त्या काशाच्या रानापासूनच केली, २७ ऑक्टोबर १९५२ ला. थोडं काम उरलं म्हणून आठवड्याने परत गेले, तर गुरांनी सगळा कास खाऊन टाकलेला. पुढच्या फुलोऱ्यासाठी वर्षभर थांबावं लागलं. आमच्याकडे सुगी झाली की गुरं उनाड सोडतात, त्यांच्या तोंडून काय वाचतं ते आम्हाला चांगलं माहीत आहे. हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा हा सिनेमा माझ्या आणखी जवळचा झाला. कॅमेरा धरणारे सुब्रत मित्र तेव्हा अवघ्या एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. रविशंकरांनी संगीत एका रात्रीच्या बैठकीत जवळजवळ पुरं केलं. पैसे संपले, काम थांबलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला, आणि १९५५ मध्ये सिनेमा लोकांपुढे आला. एवढ्या तुटक्या-फाटक्या काळात ती दोन मुलं फार मोठी दिसायला लागली नाहीत आणि ती म्हातारी, चुनीबाला देवी, आपलं काम पुरं करेपर्यंत टिकली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

कोकणातल्या माणसाला त्या गाडीचं जास्तच अप्रूप. आमच्या वडिलांच्या पिढीने मुंबई गाठली ती बोटीने, नाहीतर एसटीने. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्या वर्षी गणपतीला मी आतेला कणकवली स्टेशनवर नेलं होतं, मुद्दाम, गाडी दाखवायला. तिने कधी गाडी पाहिलेली नव्हती. फलाटावरच्या बाकावर ती पाय वर घेऊन बसली. गाडी आली तशी उठून मागे भिंतीला टेकली, आणि मग ओठ हलवत डबे मोजत राहिली. "संपता संपत नाय गो," एवढंच म्हणाली. मी तेव्हा मनातल्या मनात तिला दुर्गा करून टाकलं होतं. काशाच्या फुलांतून राहून गेलेली गाडी मी तिला दाखवली, असं मला वाटलं होतं. बावीस वर्षांची होते मी. आपण कुणासाठी तरी काही पुरं केलं असं वाटून घ्यायचं ते वय.

आतेचे कान मला आठवतात तसा तिचा चेहराही आठवत नाही. एकविसाव्या वर्षी नवरा गेला, ती माहेरी परत आली, आणि मग त्या काळच्या रीतीप्रमाणे अंगावर काहीच राहिलं नाही. मी तिच्या कुशीत झोपायचे तेव्हा तिच्या कानाच्या पाळीशी खेळायचा मला नाद होता. पाळीच्या मधोमध एक बारीक खळी होती, तांदळाच्या कण्याएवढी. मी नखाने दाबून बघायचे, पलीकडे जातं का. "जाऊचा नाय ता," ती झोपेतच म्हणायची, "बुजला." कान टोचलेला असतो आणि तो बुजतोसुद्धा, हे मला तिच्या कानावरून कळलं. माझे स्वतःचे कान तेव्हा नुकतेच टोचलेले होते, सोनाराने घातलेली सोन्याची तार दोन्हीकडून टोचायची आणि आई रोज खोबरेल लावायची. भोक मिटू नये म्हणून आई केवढं जपत होती.

आता कुडीचं सांगायला हवं. १९८५ च्या गणपतीत, हरितालिकेच्या आदल्या दिवशी, काकीची एक कुडी हरवली. माहेरची होती. न्हाणी धुंडाळली, केर चाळला, राख चाळली. आमच्याकडे खालच्या वाडीतली एक मुलगी कामाला यायची, भांडी आणि सारवणाला. तेरा-चौदा वर्षांची. काकीने तिला खळ्यात उभी केली, झगा झाडायला लावला, केसांचा अंबाडा सोडायला लावला. पाऊस भुरभुरत होता. ती रडली नाही, उलट बोललीही नाही, नुसती उभी राहिली. आई चुलीपाशी, आजी देवापाशी, आते पडवीत खांबाला धरून. मी आतेच्या मागे. त्या दिवसापासून ती मुलगी आमच्याकडे यायची बंद झाली. आणि मी नऊ वर्षांची, शाळेत जाऊन सांगितलं की ती चोरटी आहे. कुणी विचारलं नव्हतं, मीच आपणहून सांगितलं. हे लिहिताना हात जड होतोय, पण तेही लिहायलाच हवं.

आणि १९८७ च्या त्या रविवारी, ओटीवर, टीव्हीपुढे आते माझ्या शेजारी बसली होती तेव्हा कुडी घरात माळ्यावर ट्रंकेत होती.

तळीच्या पायरीवर मला एकदम हे लख्ख दिसलं, आणि मग अडतीस वर्षं जपलेलं ते चित्र हातात धरवेना. मी या प्रसंगाकडे किती तऱ्हांनी बघत आले! अकराव्या वर्षी नुसती पाण्याची गंमत. बाविसाव्या वर्षी मुंबईत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला तेव्हा कळलं की हे भावाने बहिणीसाठी केलेलं काम आहे. ती गेल्यावर तिचं नाव राखणं. त्या रात्री लोकलच्या दारात मी रडले होते. पुढे २००३ मध्ये आते गेली आणि बाराव्याला जेवणावळ उठल्याबरोबर घरात हसणं-बोलणं सुरू झालं, तेव्हा मला त्या शेवाळाचा राग आला. किती पटकन मिटतं ते. एक पोर होती की नव्हती. लंडनमधल्या १९९३ च्या आगीत सिनेमाची मूळ निगेटिव्ह होरपळली होती, ती तुकडा-तुकडा सावरून २०१५ मध्ये नवी प्रत आली. त्या प्रतीत शेवाळाचं एकेक पान सुटं दिसतं. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावून बघितला, कुठलं पान आधी हलतं ते शोधत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दुर्गा झालेल्या उमा दासगुप्ता गेल्याची बातमी वाचली त्या रात्रीही. आयुष्यात एवढा एकच सिनेमा केलेली बाई. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, तरी घरातलं माणूस गेल्यासारखी दोन दिवस सुन्न होते.

पण अपूच्या घरात आळ दुर्गावरच होता. त्याने माळ बुडवली तेव्हा दुसऱ्या कुणाची वाट बंद झाली नाही. आमच्या घरात तसं नव्हतं. मी मूठ उघडली असती तर आतेचं नाव राहिलं असतं, आणि त्याच पाण्यात खालच्या वाडीतल्या त्या मुलीचं नाव कायमचं गेलं असतं. सिनेमाने मला एक गोष्ट शिकवली असं मी समजत होते, आणि ती गोष्ट इथे लागू पडत नव्हती. मला आतेचा राग आला का? आला. खांबाला धरलेले तिचे ते हात आठवले. आणि त्याच क्षणी तिच्या कानाची ती खळीही आठवली, आणि रागाला कुठे ठेवावं ते कळेना. त्या दोन्ही गोष्टी अजून माझ्यात शेजारी शेजारी आहेत, एकमेकींशी न बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या वाडीत गेले.

ती आता आजी झाली आहे. पडवीत बसून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होती. पुढ्यात हारा भरून लालभडक रातांबे, एका बाजूला सालींची टोपली, दुसरीकडे बियांचं पातेलं. कोपरापर्यंत हात रंगलेले. अंगठ्याने फळ दाबायचं, दोन भाग करायचे, बी झटकायची, हे बोलताना थांबत नव्हतं. माझी ओळख लगेच पटली. "बस गो," म्हणाली, पाट सरकवला पायाने. मुंबईचं विचारलं, पोरांचं विचारलं. मी कागद सोडून कुडी तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं होतं मी खूप काही बोलेन. रात्रभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून निघालं ते एवढंच, "आतेच्या ट्रंकेत गावली."

तिने बघितलं. हात चालूच. दोन रातांबे फोडून झाल्यावर म्हणाली, "माका म्हायत होता."

मग तिने जे सांगितलं ते असं. गणपतीच्या आधी मांगर सारवायला गेली होती. आते आत होती, भिंतीच्या चिऱ्यात खोचलेल्या आरशाच्या तुकड्यासमोर. कुडी कानात घालायला बघत होती. "भोकच नाय तर जातली खय? जोर करी होती. रगात इला." आतेने तिला बघितलं, तिने आतेला बघितलं. दोघी काही बोलल्या नाहीत. ती शेणाची बादली घेऊन परत फिरली.

"मगे सांगलंस कित्याक नाय?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

"सांगून काय करतलंय? काकयेन तिका घरात ठेवली असती? तिका दुसरा घर खय होता?" तिने बियांचं पातेलं हलवलं. "माका कामाची धा घरा."

बाहेर उन्हात मागच्या घाण्याच्या साली वाळत होत्या, काळ्या पडायला लागलेल्या, त्यांचा आंबट वास पडवीभर. मी गप्प बसून राहिले. तेरा वर्षांची पोर. झगा झाडत खळ्यात उभी होती तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, आणि पडवीतल्या आतेलाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. त्या दोघींमध्ये तेव्हा काय गेलं-आलं असेल ते मी तिथेच उभी असूनही मला दिसलं नाही. मी नंतर शाळेत जाऊन काय बोलले ते मी तिला सांगितलं. "ता पण म्हायत हा," म्हणाली, आणि हसली नाही, रागावलीही नाही. नवा हारा पुढे ओढला.

हे सगळं लिहू का, असं मी तिला त्याच दिवशी विचारलं होतं. काकी आता नाही, आते नाही, आजी-आई कुणी नाही. "लिव," म्हणाली, "पण तिचा नाव घालू नको." स्वतःच्या नावाबद्दल काही म्हणाली नाही. मी कुणाचंच घातलेलं नाही.

कुडी घ्यायला ती तयार नव्हती. मी तळीचं सांगितलं. सिनेमाचंही सांगितलं, जमेल तसं, तो पोरगा आणि ती माळ आणि मिटणारं शेवाळ. तिने पहिल्यांदाच हात थांबवून ऐकलं. मग मान हलवली.

"तळयेत टाकू नको हां. चार वर्सांनी गाळ काढतत. गावतली कोणाक तरी. मगे परत कोणाच्या पोरीर येतला."

निघताना तिने आगळाची, कोकमाच्या रसाची, बाटली दिली, पिशवीत नीट उभी राहावी म्हणून भोवती गोणपाटाचा तुकडा कोंबला. कुडीचा कागद माझ्याकडून नीट गुंडाळला जात नव्हता, म्हणून तिने तो हातातून घेतला, दोन घड्या घालून आवळला आणि परत दिला. तो कागद आता माझ्या कपाटात आहे. कॅलेंडरच्या त्या पिवळ्या पानावर, तारखेच्या जरा खाली, रातांब्याने रंगलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. अजून लाल आहे.